दुखणे कोणाचे आणि दप्तर कोणाचे?

‘आजारात लपवायचे ते काय? चोरी थोडीच केली आहे?’ असा प्रश्न गेल्या महिन्यात एका सुशिक्षित स्नेह्यांनी आम्हांस केला. त्यांचा हेतू शुद्ध होता, आणि म्हणूनच त्या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत देणे आम्हांस आवश्यक वाटते. दुष्ट माणसाकडून होणाऱ्या अपकारापासून सावध राहता येते. सज्जनांकडून सहज, हसतखेळत होणाऱ्या अपकाराला मात्र आपल्या समाजात कोणी अपकार म्हणावयासच तयार नाही.

ज्या घटनेवरून हा प्रश्न निघाला ती अशी. बेळगाव भागातील आमच्या आप्तांपैकी एक वयस्क विधवा बाई, जन्मभर शिक्षिका, निवृत्तीनंतर घरी चार मुलांच्या शिकवण्या घेऊन राहणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी खोकला हटेना म्हणून त्या एका खाजगी रुग्णालयात तपासणीस गेल्या. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट तयार झाला. तो आणावयास पुतण्याचा एक मित्र गेला. खिडकीवरच्या लेखनिकाने त्याला ना ओळख विचारली, ना बाईंची चिठ्ठी मागितली. नाव ऐकताच पाकीट हाती ठेवले. त्या मित्राने मोबाईलवर रिपोर्टचे छायाचित्र काढून पुतण्याकडे पाठविले आणि पुतण्याने ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर घातले. इंदूरचे दीर, बडोद्याची नणंद, हैदराबादचे भाचे, सर्वांस घटकाभरात कळले की काकूंना क्षय झाला आहे. काकू स्वतः त्या समूहात नव्हत्या. त्यांना ही वार्ता दुसऱ्या दिवशी दुपारी, समाचारास आलेल्या शेजारणीच्या तोंडून समजली.

सहा महिन्यांच्या औषधोपचाराने बाई पूर्ण बऱ्या झाल्या. परंतु शिकवणीची मुले परत आली नाहीत. भांडी घासणारी बाई गेली ती गेलीच. वाड्यातील हळदीकुंकवाला बोलावणे येईनासे झाले. रोग गेला, पण रोगाचे नाव मागे राहिले. यात गुन्हेगार कोण? लेखनिक म्हणेल, मी घरच्या माणसाला कागद दिला. मित्र म्हणेल, मी मदत केली. पुतण्या म्हणेल, घरच्यांपासून काय लपवायचे? प्रत्येकाचे म्हणणे आपल्यापुरते बिनतोड आहे, आणि त्या सर्वांची बेरीज म्हणजे एका स्वाभिमानी स्त्रीचे एकटेपण होय.

म्हणून आमचे म्हणणे आरंभीच स्पष्टपणे सांगतो. रुग्णाच्या दुखण्याची माहिती ही रुग्णाची मालमत्ता आहे. डॉक्टरकडे, रुग्णालयाकडे, निदानशाळेकडे, विमा कंपनीकडे किंवा सरकारकडे ती असते ती ठेव म्हणून. ठेव सांभाळावयाची असते. ती मिरवावयाची नसते, वाटावयाची नसते आणि विकावयाची तर मुळीच नसते.

यावर कोणी म्हणेल की खाजगीपणा वगैरे कल्पना पाश्चात्त्यांच्या आहेत. आमच्याकडे दुखणे हे साऱ्या घराचे, साऱ्या आळीचे असते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपलेच ग्रंथ उघडून पाहावेत अशी आमची विनंती आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्य होऊ पाहणाऱ्या शिष्याला गुरूने द्यावयाचा उपदेश आला आहे. रुग्णाच्या घरी ओळखीच्या व तेथे प्रवेशाची अनुमती असलेल्या माणसाबरोबरच जावे, मान लववून जावे, मन व वाणी रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र जाऊ देऊ नये, आणि त्या घरात जे काही दिसेल ते बाहेर बोलू नये, असे तेथे सांगितले आहे. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावाने जी शपथ चालत आली तिचेही म्हणणे हेच. पृथ्वीच्या दोन भागांतील वैद्यांना एकाच निष्कर्षाप्रत यावे लागले, कारण दोघांचा अनुभव एकच होता: ज्या वैद्याच्या तोंडाला कुलूप नाही त्याच्यापाशी रोगी खरे बोलत नाही, आणि रोगी खरे बोलत नाही तेथे निदान होत नाही. गोव्यातील एखादी म्हातारी ‘दोतोर, कोणाक सांगूं नाकात’ असे म्हणून मगच आपले खरे दुखणे सांगू लागते, तेव्हा ती चरक आणि हिपॉक्रेटिस दोघांचेही सार त्या चार शब्दांत सांगत असते. तिला हे कोणा पाश्चात्त्याने शिकविले नाही.

आता ‘आजारात लपवायचे काय’ या प्रश्नाकडे वळू. ज्या समाजात आजार हा केवळ आजार असेल त्या समाजात हा प्रश्न शोभेल. आमच्या समाजात तो तसा आहे काय? कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो हे शास्त्राने सिद्ध करून कित्येक दशके लोटली. तरीही हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे वा वेगळे राहण्याचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत लिहिलेले होते. केसपेपरवरची एक ओळ संसार मोडावयास कायद्याने पुरेशी होती! मुलीला फिट्स येतात हे कळले की स्थळे येणे थांबते. मुलगा मानसोपचाराची गोळी घेतो हे कळले की त्याच्या प्रत्येक रागाला वेडाचे लेबल चिकटते. दांपत्यापैकी दोष कोणात आहे ते तपासणीने ठरते, पण गावात बोल लागतो तो स्त्रीला. आजारी माणसाला शिक्षा देण्याचा हक्क समाजाने स्वतःकडे ठेवावयाचा आणि वर आजाऱ्याला विचारावयाचे की तू लपवितोस का? हा न्याय मोठा अजब आहे. आधी शिक्षा थांबवा. मग लपविण्याची निंदा करा.

ही शिक्षा किती थराला जाऊ शकते हे गोमंतकीयांना तरी सांगावयास नको. डॉमिनिक डिसोझा हा गोव्याचा तरुण स्वेच्छेने रक्तदान करणारा होता. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही.चा संसर्ग आढळला. पुढे घडावयास हवे होते ते असे: कोणी जबाबदार डॉक्टराने त्याला एकांतात बोलावून, बसवून, नीट समजावून सांगावयाचे. घडले ते असे की, १९८९ सालच्या १४ फेब्रुवारीस पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या एका रिकाम्या पडलेल्या क्षयरोग्यांच्या इमारतीत एकटे कोंडून ठेवले. त्याच्या रक्ताची वार्ता पोलिसांस आधी कळली आणि त्याला मागाहून. ज्या कायद्याच्या आधारे हे केले गेले तो गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा होता. आई लुसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. चौसष्ट दिवसांनी डॉमिनिक बाहेर आला. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र ती विलगीकरणाची तरतूद वैधच ठरविली. पुढे त्याने आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली तो वारला. पुढे २००५ साली त्याच्या कथेवर आधारलेला हिंदी चित्रपट निघाला व आपण सर्वांनी डोळे पुसले. डोळे पुसणे सोपे असते. त्या दिवसांत त्याच्या बाजूने किती जण उभे राहिले, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

डॉमिनिकने लपविले काय होते? काहीच नाही. उलट त्याने आपले रक्त दिले होते. दात्याच्या हाताला ज्या समाजात बेडीची भीती, त्या समाजाने रक्तपेढ्या रिकाम्या का, असे विचारू नये.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोग संसर्गजन्य असेल तर इतरांच्या जिवाचे काय? वधूला वराच्या रोगाची माहिती असू नये काय? सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली नेमका असाच खटला आला. रक्तदानाच्या वेळी एका गृहस्थांना एच.आय.व्ही. असल्याचे आढळले, रुग्णालयातून ती गोष्ट बाहेर पडली, ठरलेला विवाह मोडला, गावात राहणे अशक्य झाले. त्यांनी रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला, कारण नियोजित वधूचा निरोगी जीवनाचा हक्क न्यायालयास अधिक मोलाचा वाटला. त्याच निकालात विवाहाच्या हक्काविषयी जी विधाने केली गेली होती ती अनावश्यक होती, असे न्यायालयानेच २००२ साली मान्य केले. वधूचा हक्क आम्हांसही मान्य आहे. त्याविषयी वाद नाही. परंतु वधूस सांगणे निराळे आणि गावास सांगणे निराळे. ज्याच्या जिवाला निश्चित धोका आहे त्या एका माणसास, योग्य व्यक्तीने, योग्य शब्दांत सावध करणे हे कर्तव्य आहे. त्या कर्तव्याच्या आडून दवंडी पिटणे हा अपराध आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांतही हा भेद केलेला आहे: रुग्णाचे रहस्य डॉक्टराने फोडू नये, न्यायाधीशाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीस अथवा समाजास असलेला गंभीर व स्पष्ट धोका, आणि कळविणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच अपवाद. अपवाद मोजके आहेत आणि ते उंबऱ्यासारखे आहेत. त्यांचा हमरस्ता करावयाचा नसतो.

क्षयाचेच उदाहरण घ्या. प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे कळविणे २०१२ सालापासून बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. घरातील लहान मुलांची तपासणी व्हावी, औषध मधेच सुटू नये, यासाठी आरोग्य खात्यास ही माहिती हवी. परंतु आरोग्य अधिकाऱ्यास कळविणे आणि शिकवणीच्या मुलांच्या पालकांस कळविणे या दोन गोष्टींत जो भेद पाहू शकत नाही, त्याच्या हाती कोणाचाही केसपेपर देऊ नये.

लोकांना भय घातले की रोग आटोक्यात येतो, हा समज तर इतिहासाने खोटा ठरविला आहे. पुण्याच्या १८९७ सालच्या प्लेगची आठवण महाराष्ट्रात अजून बुजलेली नाही. रँडच्या अमदानीत गोरे शिपाई घरांत शिरत, माणसांची अंगे तपासत, रोग्यांस इस्पितळात आणि घरच्यांस छावणीत नेत. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. रोग्याला घरातल्या अंधाऱ्या खोलीत दडवावे, पण शिपायास दिसू देऊ नये, अशी वृत्ती झाली. चापेकरांच्या गोळीने रँडचा अंत झाला हे सर्वांस ठाऊक आहे; त्या संतापाच्या मुळाशी घराच्या आणि शरीराच्या खाजगीपणाचा झालेला भंग होता, हे मात्र आपण विसरतो. त्यानंतर सव्वाशे वर्षे लोटली, २०२० साल उजाडले, कोरोना आला, आणि आपण पुन्हा तेच केले. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विलगीकरणात ठेवलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले. दारांवर फलक लागले. कर्नाटकात तर घरी विलग असलेल्यांचे पत्ते प्रसिद्ध करण्यात आले. पाहता पाहता त्या याद्या मोबाईलवरून गावभर फिरल्या आणि दूधवाल्याने दारात येणे सोडले. त्या वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत. तोवर पहिली लाट ओसरत आली होती. फलकाच्या भीतीने ज्यांनी चाचणी टाळली, त्यांची नोंद कोणत्या फलकावर लागणार? गुप्तता ही आरोग्याची शत्रू नव्हे. बोभाट्याची भीती हीच आरोग्याची शत्रू आहे.

येथवर आपण माणसांच्या तोंडांविषयी बोललो. आता यंत्रांकडे वळले पाहिजे, कारण दप्तराचे स्थानच बदलले आहे. पूर्वी गावच्या डॉक्टरांचे दप्तर म्हणजे टेबलाचा एक खण. त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला किंवा खिशात. फार झाले तर कंपाउंडरला ठाऊक. तो खण फोडून कोणी नेला तर एका गावाची गुपिते जात. आज एका संगणकात लाखोंची गुपिते साठतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणकांवर २०२२ सालच्या २३ नोव्हेंबरला सायबर हल्ला झाला आणि देशातील या अग्रगण्य रुग्णालयास कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर कारभार हाकावा लागला. जेथे राष्ट्रातील मोठमोठी माणसे उपचार घेतात तेथील ही कथा. मग तालुक्याच्या गावी वडाच्या झाडाखाली थाटलेल्या निदानशाळेची काय कथा सांगावी? मुंबईकडील एका निदानशाळेचे हजारो रिपोर्ट, त्यांत एच.आय.व्ही.चे देखील, नावानिशी इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील असे उघडे पडल्याचे २०१६ सालच्या डिसेंबरात उघडकीस आले. ते कोणी फोडले नव्हते. कुलूपच लावलेले नव्हते.

आणि चोरीच व्हावयास हवी असे कोठे आहे? आपण हसतमुखाने देतो ते काय थोडे आहे? औषधाच्या दुकानात बिलासाठी मोबाईल क्रमांक विचारतात आणि आपण देतो. वर्षभराच्या त्या बिलांची यादी शहाण्या माणसापुढे ठेवा: या घरात मधुमेही कोण, गर्भवती कोण, कोणाला झोप लागत नाही, कोणाचे मन आजारी आहे, हे त्याला कोणतेही रहस्य न फोडता सांगता येईल. विमा कंपनीस, औषध विकणाऱ्यास, नोकरी देणाऱ्यास ही यादी किती मोलाची आहे हे आपल्याला कळत नाही; त्यांना पुरते कळते.

मग कायदा कोठे आहे? कायदे आहेत, आणि काही चांगलेही आहेत. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ सालच्या २४ ऑगस्टला एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ सालचा कायदा, २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आलेला, रुग्णाच्या संमतीखेरीज त्याची स्थिती उघड करण्यास सामान्यतः मनाई करतो. डॉमिनिकनंतर अठ्ठावीस वर्षांनी हे शहाणपण आले. मानसिक आरोग्याच्या २०१७ सालच्या कायद्यात गुप्ततेचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली केलेल्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु यांतून काय दिसते? ज्या रोगांची बदनामी मोठी त्यांना एकेक स्वतंत्र कायदा मिळाला. क्षयाच्या, फिट्सच्या, कर्करोगाच्या, वंध्यत्वाच्या रुग्णाने कोणत्या दारी जावे? आरोग्याच्या माहितीसाठी स्वतंत्र कायदा करावा म्हणून २०१८ साली एक मसुदा निघाला होता. तो मसुदाच राहिला.

त्याऐवजी २०२३ साली सर्व प्रकारच्या वैयक्तिक माहितीसाठी एक सरसकट कायदा आला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्याचे तीन दोष वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पहिला, तो फक्त संगणकीय माहितीस लागू आहे; खिडकीवरच्या पाकिटास, भिंतीवरच्या यादीस, उघड्या पडलेल्या रजिस्टरास तो लागू नाही. दुसरा, २०११ सालच्या नियमांत वैद्यकीय इतिहास हा ‘संवेदनशील’ माहितीत मोडत असे. नव्या कायद्याने असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. तुमच्या चपलेचे माप आणि तुमच्या रक्ताचा रिपोर्ट, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखेच! तिसरा दोष सर्वांत मोठा. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याचे जे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात होते ते वगळण्याची तरतूद या नव्या कायद्याने केली. आता दंड आहे, अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो जातो सरकारच्या तिजोरीत. जिची बदनामी झाली, जिच्या शिकवण्या गेल्या, त्या बाईला त्यातील एक पैही नाही. घर जळाले एकाचे आणि भरपाई घेणार दुसरा!

आणखी एक उणीव सर्व कायद्यांच्या तळाशी आहे. वैद्यक परिषदेची शपथ डॉक्टरास बांधते. परंतु आज रुग्णाचा कागद डॉक्टरापुरता राहतो काय? तो लेखनिक लिहितो, तंत्रज्ञ छापतो, शिपाई नेतो, विम्याचा दलाल वाचतो, संगणकाची कंपनी साठविते. शपथ एकाने घेतली आहे आणि दप्तर दहांच्या हाती आहे. त्या नऊ जणांस आपण काय शिकविले आहे?

सरकारची नवी व्यवस्थाही येथे विचारात घेतली पाहिजे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ सालच्या सप्टेंबरात देशभर सुरू झाले. प्रत्येकास ‘आभा’ नावाचा चौदा आकडी क्रमांक, आणि त्यावर साऱ्या दुखण्यांचा इतिहास जोडलेला. याचा लाभ आम्ही नाकारीत नाही. सीमाभागातील माणसाला तर तो विशेष आहे. बेळगावचा रुग्ण मिरजेस जातो, सिंधुदुर्गाचा बांबोळीस येतो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नव्या तपासण्या, नवा खर्च. जुने कागद एका ठिकाणी मिळाले तर जीव वाचेल. या योजनेच्या धोरणात ती ऐच्छिक असल्याचे व रुग्णाच्या संमतीनेच चालणार असल्याचे लिहिले आहे. प्रश्न त्या ‘संमती’चाच आहे. ताप अंगात, मागे शंभर माणसांची रांग, खिडकीतून ‘क्रमांक सांगा, अंगठा लावा’ अशी घाई. त्या माणसास ‘नाही’ म्हणण्याचा मार्ग कोणी दाखवितो काय? ज्या होकाराशेजारी नकाराची जागाच नाही, त्यास संमती म्हणत नाहीत.

आणि ती संमती कोणत्या भाषेत? हा प्रश्न या मासिकाच्या वाचकांइतका जिव्हाळ्याने दुसरे कोण विचारील? बेळगावात अर्ज कन्नडात किंवा इंग्रजीत, हैदराबादेत तेलुगूत किंवा इंग्रजीत, बडोद्यात गुजरातीत किंवा इंग्रजीत. आमची मराठी म्हातारी कोठे सही करते ते तिला कळत नाही. म्हणून ती शेजारच्या मुलास दुभाष्या म्हणून बरोबर नेते. तिच्या गर्भाशयाचे दुखणे तो डॉक्टरांस सांगतो आणि डॉक्टरांचे उत्तर तिला. भाषा न येणाऱ्याचे गुपित तपासणीच्या खोलीतच, डॉक्टरांच्या समक्ष, निघून जाते. २०२३ च्या कायद्यात एक कलम मात्र आमच्या कामाचे आहे: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचावयास मिळण्याची सोय असली पाहिजे. मराठी त्या परिशिष्टात प्रथमपासून आहे आणि कोंकणी १९९२ सालापासून आहे. मराठी व कोंकणी यांच्या नात्यावर आपण गेली कित्येक वर्षे कडाक्याने भांडत आलो. या एका हक्कासाठी दोघांनी मिळून एक अर्ज केला तर त्या भांडणापेक्षा अधिक भले होईल.

तेव्हा आमच्या मागण्या काय? रुग्णाने लेखी नेमलेल्या माणसाखेरीज कोणाच्याही हाती रिपोर्ट देऊ नये. खिडकीवरून रोगाचे नाव पुकारू नये, क्रमांक पुकारावा. लेखनिकापासून संगणकवाल्यापर्यंत दप्तरास हात लावणाऱ्या प्रत्येकावर डॉक्टराइतकेच बंधन असावे, आणि बंधन मोडणाऱ्याकडून रुग्णास, सरकारला नव्हे, भरपाई मिळावी. कागदी दप्तरही कायद्याच्या कक्षेत यावे. संमती रुग्णाच्या भाषेत घ्यावी आणि नकार दिल्याने उपचार अडू नये. मोठ्या रुग्णालयांत दुभाष्ये नेमावेत व त्यांसही गुप्ततेची शपथ द्यावी. यांत अशक्य असे काय आहे? क्रमांक पुकारण्यास तर दमडीही लागत नाही.

परंतु सरकारला आणि रुग्णालयांना चार शब्द सुनावून आपण मोकळे होऊ म्हटले तर तो ढोंगीपणा होईल. आमच्या काकूंचे गुपित कोणा संगणकचोराने फोडले नाही. ते घरच्यांनी फोडले. आमच्या घरांतील रीतच उलटी आहे. कर्करोग झाला की साऱ्या गोतावळ्यास सांगावयाचे आणि रोग्यास मात्र ‘साधी गाठ आहे’ म्हणून फसवावयाचे. रुग्णास धक्का बसेल तेथे त्याचे मरण जवळ आल्याचे बोलू नये, असे चरकानेही म्हटले आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्याने ते गावास सांगावे असे कोठे म्हटले आहे? मागितल्यापासून बहात्तर तासांत रुग्णाला आपले कागद मिळाले पाहिजेत, हा वैद्यक परिषदेचा नियम आहे. आमच्या घरात मात्र तो कागद फिरत फिरत सर्वांच्या हाती जातो. फक्त ज्याचा आहे त्याच्या हाती येत नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी कोणाचा रिपोर्ट तुमच्या हाती आला तर एवढेच करा: पाकीट उघडू नका, छायाचित्र काढू नका, ज्याचे आहे त्याला द्या, आणि त्याने स्वतः सांगेपर्यंत विचारू नका. समाचारास अवश्य जा. बरोबर फळे न्या, डबा न्या, जागरणास माणूस हवा असेल तर बसा. दुखणे साऱ्या आळीचे असते ही आमची जुनी रीत खरी करून दाखविण्याचा मार्ग हाच आहे. काकूंच्या दारी शिकवणीची मुले पुन्हा येतील असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्यांच्या शेजारणीने दुसऱ्या कोणाच्या घरी जाताना दारातच थोडे थांबावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.